खडकाळ बेटावर सुरय पक्ष्यांची वीण कशी राखावी

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातील वेंगुर्ला रॉक्स ही जवळजवळ उघड्या कातळाची बेटे आहेत. पक्षिशास्त्रज्ञ ए. ओ. ह्यूम १८७५ मध्ये तेथे उतरले, तेव्हापासून सुरय (टर्न) या समुद्रपक्ष्यांच्या विणीच्या नोंदी या बेटांवरून मिळत आल्या आहेत. अशा जागेवर माती टाकू नये, झाडेही लावू नयेत. ब्रिडल्ड टर्न जातीच्या सुरयीला कातळातील सावलीची कपार पुरते आणि त्या कपारीत ती एकच अंडे घालते.

म्हणून पहिले काम म्हणजे विणीच्या हंगामात बेटावर पाय न ठेवणे. माणूस चढला की सगळा थवा एकदम उठतो. उघड्यावरची अंडी तापलेल्या दगडावर काही मिनिटांत खराब होऊ शकतात आणि घारी-कावळे तेवढ्यात डाव साधतात. मोजणी होडीतून, दुर्बिणीने, दरवर्षी त्याच सुमारास आणि त्याच जागेवरून करावी. छायाचित्रासाठी ड्रोन उडवण्याचा मोह तर टाळलाच पाहिजे.

खरी धास्ती अंडी-पिले खाणाऱ्या उंदरांची. बेटावरच्या दीपगृहाकडे जाणारी पोती, खोकी आणि जाळ्यांचे ढीग किनाऱ्यावरच उलगडून, झटकून मग होडीत चढवावेत व खरकटे परत आणावे. कपारींच्या तोंडाशी शेंगदाण्याचे कूट मिसळलेले मेणाचे ठोकळे हंगामापूर्वी ठेवावेत. उंदीर असेल तर मेणावर दातांच्या जोडीच्या बारीक समांतर खाचा उमटतात. खाच दिसताच वन विभागाला कळवावे, विषाचे आमिष स्वतः टाकू नये. स्कॉटलंडच्या एल्सा क्रेग बेटावरील उंदीर १९९१ मध्ये हटवल्यानंतर पफिन हे समुद्रपक्षी पुन्हा वीण करू लागले, पण त्याला दहाएक वर्षे लागली. उंदीर येऊच न देणे त्याहून कितीतरी स्वस्त.

याच बेटांच्या गुहांत भारतीय पाकोळी लाळेने घरटी बांधते आणि त्यांची चोरी होत आली आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने येथे संरक्षणाचे काम केले आहे. आसपास मासेमारी करणाऱ्या तांडेलांना (होडीच्या प्रमुखांना) विश्वासात घेतल्याशिवाय राखण जमत नाही, कारण रात्री गुहेच्या तोंडाशी लागलेली अनोळखी होडी प्रथम त्यांनाच दिसते. ती दिसल्यास कोणाला फोन करायचा, तो क्रमांक होडीच्या फळीवरच रंगवून ठेवावा.