दवाखान्याचे पैसे कापले? आधी हे खिसे तपासा

आमच्या उपकेंद्रात बीपीच्या गोळ्या संपल्या तेव्हा शेजारची आजी रिकामी स्ट्रिप पदरात गुंडाळून परत गेली, ते बघून मी हे शोधायला लागले. वरून निधी कमी आला म्हणजे सगळं संपलं असं नसतं हो.

पहिलं म्हणजे रुग्ण कल्याण समितीचा, म्हणजे सरकारी दवाखान्याचा निधी कुठे खर्चायचा ते ठरवणाऱ्या समितीचा, हिशोब मागा, देत नसतील तर सरळ माहिती अधिकाराचा अर्ज टाका, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावायचं. किती आले, किती पडून आहेत, एवढंच विचारा. बरेचदा पैसे असतात पण मीटिंगच होत नाही!

चंद्रपूर, यवतमाळसारखा खाणींचा जिल्हा असेल तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून जिल्ह्यासाठी जमा होणारा, निधी नक्की बघा, त्यात आरोग्य हा प्राधान्याचा विषय आहे. पेसा गावांना (पेसा कायदा लागू असलेली आदिवासी भागातली गावं) आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध, म्हणजे एकाच योजनेला न बांधलेला, निधी थेट मिळतो, तोही आरोग्यावर खर्च करता येतो.

बाकीच्यांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव मांडा आणि तो ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात घालून घ्या. ठरावात "आरोग्य सुविधा" असं मोघम नको, फ्रिज, इन्व्हर्टर, अंदाजे खर्च, सगळं लिहा. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, एक प्रत तिकडे द्या आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका.