सामूहिक वनहक्काचा दावा: फॉर्म भरण्याआधी सीमा चाला

आपलं जंगल गावाने मिळून वापरायचा आणि सांभाळायचा हक्क मागणारा दावा करायचा ठरला की गाव आधी फॉर्म शोधतं. मी गडचिरोलीकडच्या गावांसोबत हे काम करते आणि प्रत्येक गावाला एकच सांगते: फॉर्म नंतर, आधी शेजारच्या गावांना निरोप पाठवा. वनखात्याच्या शंकेला कागदाने उत्तर देता येतं. शेजारी गावाच्या हरकतीला कागद पुरत नाही, आणि तिची सल पुढे बांबू निघतानाही राहते.

2006 चा वनहक्क कायदा तुमचं जंगल वहिवाटीवरून ओळखतो. पिढ्यानपिढ्या जिथून मोहफूल, तेंदू, बांबू, जळण आणलं, गुरं चारली, ते तुमचं. ते राखीव वनात असो की अभयारण्यात. वनखात्याने पाडलेल्या तुकड्यांची, म्हणजे कंपार्टमेंटची रेघ, महसुली शीव आणि पंचायतीची हद्द बहुतेकदा या वहिवाटीशी जुळत नाहीत, म्हणून नुसता नकाशा समोर ठेवून सीमा आखू नका.

ग्रामसभा तुमच्या गावाची किंवा टोल्याची (पाड्याची) घ्या. निम्मे सदस्य हजर हवेत आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. घरोघरी फिरून मागाहून गोळा केलेल्या सह्या अजिबात नकोत. याच सभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा. त्यात किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि एक तृतीयांश महिला असाव्या लागतात.

आता सीमाफेरी. पानगळ झाल्यावर, तेंदूचा हंगाम सुरू व्हायच्या आत निघा. तेव्हा जंगल आरपार दिसतं. गावातली म्हातारी माणसं, गुराखी आणि मोहफूल वेचणाऱ्या बाया सोबत असल्याच पाहिजेत. पुढारी नसले तरी चालतं. नाला, पहाडाचा माथा, देवाची जागा, जुनं गावठाण, स्मशान अशा प्रत्येक खुणेचं नाव गाव बोलतं तसंच, गोंडी असेल तर गोंडीत, लिहा. फोटो काढा, मोबाईलवर जीपीएसची नोंद घ्या. दाट झाडीत ती चुकते, तेव्हा उघड्यावर येऊन पुन्हा घ्या.

जो पट्टा ज्या गावाला लागून आहे, त्या पट्ट्यात त्या गावची माणसं बरोबर चालली पाहिजेत. वाद निघाला तर तिथे रेघ ओढायची घाई करू नका. तिथून कोण, काय, कोणत्या महिन्यात नेतं ते लिहून काढा. पुष्कळदा दिसतं असं की एका गावाची तिथे चराई आहे आणि दुसऱ्याचा बांबू, म्हणजे जंगल सामाईक आहे. फॉर्म सीमध्ये, म्हणजे या दाव्याच्या अर्जात, लगतच्या गावांचा रकाना आहे आणि त्यात साधनं व जबाबदारी कशी वाटून घेतली तेही लिहिता येतं. हा रकाना रिकामा सोडलेला पाहिला की मला फार वाईट वाटतं. तरीही मिटलं नाही, तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसून आपला निष्कर्ष लेखी द्यायचा आणि मगच प्रकरण उपविभागीय समितीकडे, म्हणजे दावे तपासणाऱ्या वरच्या सरकारी समितीकडे, न्यायचं. हंगामी येणाऱ्या मेंढपाळांनाही विचारा. कायदा त्यांची वहिवाट मानतो.

पुरावे किमान दोन हवेत. ज्येष्ठांचा लेखी जबाब हा एक. निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या जंगलवापराच्या हक्कांची सरकारी नोंद, मिळालं तर उत्तमच. फेरीतल्या खुणाही पुरावाच.

मग वन आणि महसूल विभागाला स्थळपाहणीची लेखी सूचना द्या आणि पोच घ्या. ते आले नाहीत आणि पुढे त्याच कारणाने हरकत घेतली, तर पाहणी एकदा पुन्हा होते. तेव्हाही गैरहजर राहिले तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. ती पोच नसेल तर हे सिद्ध करता येत नाही.

कागद अपुरे वाटले तर वरच्या समितीने दावा ग्रामसभेकडे परत पाठवायचा असतो, परस्पर फेटाळायचा नसतो. नकाराची कारणं लेखी मागा. उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध 60 दिवसांत जिल्हा समितीकडे जाता येतं.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये हक्क मिळाला, पण स्वतःचा बांबू विकण्यासाठी वाहतूक पास (माल जंगलाबाहेर नेण्याचा परवाना) ग्रामसभेच्या हाती यायला 2011 उजाडलं. हक्क मिळाला तरी कागदांचं काम संपत नाही. म्हणून सीमाफेरीची वही, जबाब आणि पोच यांच्या प्रती किमान तीन घरांत ठेवा, त्यातलं एक घर समितीतल्या बाईचं असू द्या.