एकाचा हात सैल, एकाची मूठ घट्ट: पोळा ते दिवाळीचा करार कसा करावा

मी लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यात बचत गटांच्या वह्या लिहिते. वही लिहिता लिहिता घरोघरचं कळतं. सोयाबीनची पट्टी, म्हणजे माल विकल्यावर आडत्याकडून मिळणारी हिशोबाची पावती, हातात आली की कुठल्या घरात आवाज चढणार, हे आता आधीच सांगता येतं. नवरा-बायकोत एक उधळ्या आणि एक चिकट असला की चढणारच. उधळ्या नवराच असतो असंही नाही.

अशा जोडप्यांना मी एक कोरियन सिनेमा बघायला सांगते. 2011 सालचा ‘पेनी पिंचर्स’, सोंग जुंग-की आणि हान ये-सुल यांचा. तो शिकलेला पण बेकार, आईच्या पैशावर चैन करणारा. ती त्याची शेजारीण, पै-पै जपणारी. प्रेमात पडलं की खर्च येतो म्हणून ती त्या वाटेलाही जात नाही. भाडं थकून त्याची गच्चीवरची खोली जाते, तेव्हा ती सांगते, दोन महिने मी म्हणेन तसं वागायचं, पैसा कसा जमवायचा ते दाखवते. सिनेमा हसवतो, पण माझं सगळं लक्ष त्या दोन महिन्यांकडे गेलं.

दोघांनी शेजारी बसून बघा. बघताना ‘बघा, अगदी तुमच्यासारखा’ म्हणून कोपर मारायचं नाही. तेवढ्यानं पुढची सगळी बोलणी नासतात.

आता करार. सिनेमातून मुदत घ्या, हुकूम घेऊ नका. ‘मी म्हणेन तसं’ हे परक्या माणसाशी दोन महिने चालेल, संसारात आठ दिवसही टिकत नाही. पण मुदत फार कामाची आहे. ‘आजपासून कायम काटकसर’ म्हटलं की सैल हाताचा माणूस तिथंच उठतो. दोन महिन्यांचं म्हटलं तर बसून ऐकतो.

आपल्याकडं ही मुदत पंचांगातच आहे. श्रावणाच्या अमावास्येला पोळा, आश्विनाच्या अमावास्येला लक्ष्मीपूजन. अधिक महिना मध्ये आला नाही तर बरोबर दोन महिने. पोळ्याला सोयाबीन शेतात उभं असतं, हातात काही नसतं, आणि म्हणूनच तेव्हा बोलता येतं. पैसा आल्यावर जो तो आपल्या मनातल्या खर्चाला चिकटून बसतो. नोकरदाराचं भांडण महिन्याला थोडं थोडं होऊन जातं. आपलं वर्षाचं एकदम आडतीवर होतं. म्हणून ठराव पट्टीच्या आधीच.

पोळ्याच्या रात्री जेवणं उरकली, बैलांना पुरणपोळी चारून झाली की वही घेऊन बसा. घरात आहेराची वही असतेच, कुणी किती घातले, आपण किती फेडले ते लिहिलेली. एवढा जुना हिशोब आपण चोख ठेवतो, तर घरचाही ठेवता येतो. तिच्याच मागच्या पानावर लिहा.

समजा हमाली-तोलाई जाऊन 80,000 हातात येतील. कृषी केंद्राची उधारी 35,000, हरभऱ्याच्या पेरणीला 10,000. राहिले 35,000. यातून सगळ्यात आधी दोघांचे प्रत्येकी 3,500 बाजूला काढा. त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. काटकसरी माणसाला हे जड जातं, पण या 7,000 वरच करार उभा आहे. उरलेल्या 28,000 मधले 18,000 घरखर्चाला, 10,000 शिल्लक. आकडे तुमच्या घरचे घाला, पण क्रम मोडू नका. ‘विचारायचं नाही’ची रक्कम शेवटी ठेवली तर ती कधीच उरत नाही.

रक्कम लहान असली तरी दोघांची सारखीच ठेवा. बाई शेतात राबते, पट्टी नवऱ्याच्या नावावर निघते, आणि मग तिला चहापत्तीलाही मागावं लागतं. हे मला अजिबात चालत नाही.

दर आठवड्याला बाजारच्या दिवशी रात्री दहा मिनिटं वही उघडा. बचत गटाची पंचसूत्री घरालाही लागू पडते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशोब. त्यातली बैठक चुकली की बाकीची चारही घसरतात, हे मी गटागटांत बघते. बैठकीत आधी खर्च वाचून दाखवायचा, मत नंतर. वाचणारा दर वेळी बदलायचा.

काटकसर करणाऱ्यांना वेगळं सांगायचं आहे, कारण शहाणपणा नेहमी त्यांच्याकडंच धरला जातो. येळवशीचा, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येचा, खर्च कापू नका. आमच्याकडं त्या दिवशी कडब्याची कोप उभी करून पूजा होते, भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे होतात, आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवायला बसवतात. आमचे हे त्या दिवशी मोकळ्या हातानं वाढतात, एरवीही टपरीवर चार जणांच्या चहाचे पैसे देतात. वहीत तो खर्चच दिसतो. पण रात्री विहिरीवरची मोटार जळाली की त्यातलाच कुणीतरी गाडी काढतो. गावात असा खर्च लागतो. तेव्हा सण, आहेर आणि चहापाणी यांना वहीत वेगळा रकाना द्या, आणि वर्षाचा आकडा आधीच ठरवा. सैल हाताच्या माणसानंही त्या आकड्याबाहेर जायचं नाही. हप्त्यावरचा मोबाइल या रकान्यात बसत नाही.

शिल्लक कुठं ठेवायची यावर मात्र मी कुणाचं ऐकत नाही. डाळीच्या डब्यात नको, कारण तो डबा कुठं आहे हे घरात सगळ्यांना माहीत असतं. जास्त व्याजाच्या लोभानं पतसंस्थेतही नको. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्या भागात ठेवीदार कसे चकरा मारतात ते सगळ्यांनी बघितलंय. बँकेत दोघांच्या नावचं खातं उघडा आणि अर्जावर दोघांच्या सहीनंच पैसे निघतील असं लिहून द्या. ‘दोघांपैकी कुणीही’ या पर्यायावर खूण केली तर एकटाही सगळे काढू शकतो.

महिन्याला थोडं बाजूला पडत असेल, दुधाचं म्हणा किंवा शिलाईचं, तर पोस्टाची आवर्ती ठेव बरी. 100 रुपयांपासून सुरू होते, मुदत 5 वर्षं. 12 हप्ते भरले की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत कर्ज मिळतं, त्यामुळं दवाखाना निघाला तरी ठेव मोडावी लागत नाही.

लक्ष्मीपूजनाला वही पूजेत ठेवा आणि पाडव्याला करार पुन्हा वाचा. जे कलम दोघांनाही जाचलं ते काढा. जे एकालाच जाचलं ते येळवशीपर्यंत राहू द्या, तोवर हरभरा उगवून आलेला असतो आणि बोलायला वेळही असतो.