जुन्या संगणकावर विंडोज ११ घालण्यापूर्वीची तयारी

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नियमित सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ साठी कंपनीने घातलेल्या अटी, म्हणजे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा अथवा त्यानंतरचा प्रोसेसर, टीपीएम २.० (गुप्त किल्ल्या जपणारी सुरक्षा चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा, पाहिल्या तर सोलापुरात रोजच्या वापरात असलेले कितीतरी असेंबल्ड संगणक त्यांत बसत नाहीत. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतले टॉवेल कारखान्याचे ऑफिस असो, चाटी गल्लीतले कापडाचे दुकान असो की एखादा छोटा छापखाना, तिथले तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री अजून धडधाकट असतात आणि त्यांना भंगारात काढण्याचे कोणाच्या मनात नसते. या अटींना वळसा घालता येतो, आणि प्रत्यक्ष इन्स्टॉलेशन एका दुपारी उरकते. खोळंबा होतो तो दुसऱ्या दिवशी बिल छापताना, रिटर्नवर सही करताना किंवा जुनी पत्रिका उघडताना. त्यामुळे पुढील तयारीतला मोठा भाग संगणकाला चिकटलेल्या कामकाजाबद्दल आहे.

सर्वप्रथम प्रोसेसरचे नाव पाहावे, कारण टीपीएम आणि पिढी यांच्या अटी टाळता आल्या तरी एक अट टाळता येत नाही. विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीपासून प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचना (प्रोसेसरला मुळातच कळणाऱ्या आज्ञा) असणे अनिवार्य आहे. त्या नसतील तर विंडोज सुरूच होत नाही. कोअर टू ड्युओ आणि त्या काळातले पेंटियम ड्युअल कोअर येथेच बाद होतात, तर पहिल्या पिढीच्या आय-थ्री, आय-फाइव्हपासून पुढचे इंटेल प्रोसेसर यात बसतात. सीपीयू-झेड हे मोफत साधन चालवून सूचनांच्या रकान्यात एसएसई ४.२ दिसते का, ते डोळ्यांनी पाहून घ्यावे. उलट बाजूही तपासावी: २०१६ नंतरच्या बऱ्याच संगणकांत टीपीएम असतो, पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डावरच्या मूळ सेटिंगमध्ये) तो बंद ठेवलेला असतो, आणि इंटेलच्या बोर्डावर पीटीटी व एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम या नावाने तो सुरू करता येतो. ज्यांना निर्णय काही महिने पुढे ढकलायचा आहे, त्यांच्यासाठी विंडोज १० च्या २२एच२ आवृत्तीला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने ठेवली आहे, आणि हंगामाच्या ऐन गर्दीत सापडलेल्या दुकानाने ती घेण्यात काहीच कमीपणा नाही.

यानंतर सध्याचे विंडोज ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे, हे सेटिंगमधील अबाउटच्या पानावर पाहावे. विंडोज ११ केवळ ६४ बिटमध्ये येते, त्यामुळे ३२ बिटवर अपग्रेड करण्याचा मार्ग नसतो आणि सगळे नव्याने घालावे लागते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ६४ बिट विंडोजवर १६ बिटचे डॉसचे प्रोग्राम चालत नाहीत. कामगारांचा पगार, सुताची आवक-जावक किंवा व्याजाचा हिशेब फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये कोणी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी लिहून दिला आणि तोच आजवर चालू आहे, अशी ऑफिसे या गावात आहेत. अशा प्रोग्रामचे संपूर्ण फोल्डर दुसऱ्या ६४ बिट संगणकावर नेऊन डॉसबॉक्स या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये चालवून पाहावे, आणि नुसते उघडते एवढ्यावर समाधान न मानता एक पगारपत्रक प्रत्यक्ष कागदावर काढावे, कारण अडचण बहुधा छपाईत येते. ते जमले नाही तर त्या संगणकाला हात लावू नये. इंटरनेटपासून तोडून तो आहे तसा त्याच कामाला ठेवावा.

डोंगल (सॉफ्टवेअर चालण्यासाठी लावून ठेवावी लागणारी यूएसबी चावी) आणि फॉन्ट यांची तपासणी सोलापूरच्या छापखान्यांना सर्वांत जास्त लागू पडते, कारण येथे एकाच टेबलावर मराठी, कन्नड आणि तेलुगू असा तिन्ही लिप्यांतला मजकूर लागतो आणि त्यातला जुना साठा युनिकोड या सर्वत्र चालणाऱ्या प्रमाण संकेतातला नसतो. श्रीलिपी, आकृती किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली लग्नपत्रिका तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. म्हणून विंडोजच्या फॉन्ट फोल्डरची संपूर्ण प्रत काढून ठेवावी, आणि नेहमी लागणाऱ्या जुन्या फाइलींचे पीडीएफ आजच, जुन्या संगणकावर, सर्व अक्षरे जागच्या जागी असताना करून घ्यावे. टायपिंगचे किंवा डिझाइनचे सॉफ्टवेअर यूएसबी डोंगलवर चालत असेल तर त्या डोंगलचा ६४ बिट ड्रायव्हर मिळतो का, हे कंपनीला विचारावे. विंडोज ११ मधील मेमरी इंटेग्रिटी ही सुरक्षा सोय जुन्या ड्रायव्हरना अडवते, आणि ती बंद करून काम भागवायचे की नाही हा निर्णय मालकाने समजून घ्यावा, मेकॅनिकने परस्पर घेऊ नये.

प्रिंटरबाबत नियम सोपा आहे: मॉडेलचे नाव लिहून घ्यावे, ६४ बिट ड्रायव्हर उतरवून ठेवावा आणि डॉट मॅट्रिक्स प्रिंटर पॅरलल पोर्टवर असेल तर तो पोर्ट बायोसमध्ये सुरू आहे का ते पाहावे. डिजिटल सिग्नेचरच्या टोकनमधील (यूएसबीला लावायच्या उपकरणातील) सही कॉपी होत नसते, त्यामुळे तिथे जपायचे ते टोकन, त्याचा पिन आणि ड्रायव्हरची सेटअप फाइल. पिन अंदाजाने टाकत बसल्यास टोकन लॉक होते. टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे हे टॅली उघडूनच पाहावे, कारण तो बहुतेकांना वाटतो त्या ठिकाणी असतोच असे नाही. त्याचा बॅकअप दुसऱ्या संगणकावर रिस्टोअर करून ताळेबंद जुळवावा, आणि काम सुरू करण्यापूर्वी लायसन्स सरेंडर करून (त्या संगणकावरून सोडवून) सीरियल नंबर व नोंदणीचा ईमेल लिहून ठेवावा. तो ईमेल अनेकदा पूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो, आणि हे शोधण्याची वेळ फॉरमॅटनंतरची नसावी. एखाद्या कोपऱ्यात विंडोज एक्सपीचा संगणक असून त्याचे शेअर केलेले फोल्डर सगळे वापरत असतील तर ते विंडोज ११ वरून सहजासहजी उघडणार नाही, कारण एक्सपीला लागणारा एसएमबीचा (नेटवर्कवर फोल्डर शेअर करण्याच्या पद्धतीचा) जुना प्रकार त्यात मुळात बसवलेलाच नसतो.

आता डिस्कचा मुद्दा, ज्यावर माझे मत ठाम आहे. जुनी हार्ड डिस्क पुसून तिच्यावरच नवे विंडोज घालू नये. २५६ जीबीची सॅटा एसएसडी विकत घ्यावी, नवे विंडोज तिच्यावर घालावे आणि जुनी डिस्क काढून, तारीख लिहून, कपाटात ठेवावी. काही बिनसले तर दोन केबल बदलून दुकान पूर्वीसारखे सुरू होते. बॅकअपचे कोणतेही सॉफ्टवेअर इतका सरळ परतीचा रस्ता देत नाही. टॅलीचे लायसन्स तेवढे पुन्हा सरेंडर करून जुन्या डिस्कवर सुरू करावे लागेल. इन्स्टॉलेशन चालू असताना जुनी डिस्क केवळ बाजूला न सारता तिची केबल काढलेलीच असावी, कारण दोन डिस्क दिसल्या की विंडोजचा सेटअप बूटची फाइल कधी कधी जुन्या डिस्कवर ठेवतो आणि मग एकीशिवाय दुसरी चालत नाही. मात्र दहा वर्षे फिरलेल्या डिस्कवर एकमेव प्रत म्हणून विसंबणेही योग्य नाही. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये तिची प्रकृती पाहावी, आणि पिवळ्या रंगात कॉशन दिसल्यास बाकी सर्व थांबवून आधी डेटा दुसरीकडे उतरवावा. एच६१ चिपसेटच्या (दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या) बोर्डावर एनव्हीएमई, म्हणजे सॅटाऐवजी थेट बोर्डात बसणाऱ्या वेगवान, एसएसडीच्या नादी लागू नये. त्या बोर्डाचे सॅटा पोर्टही जुन्या, निम्म्या वेगाचे असतात, तरी हार्ड डिस्कच्या तुलनेत फरक कोणालाही जाणवेल इतका पडतो. रॅम ८ जीबीच्या खाली ठेवू नये, अट काहीही म्हणो.

कॅबिनेट उघडलेच आहे तर आतली स्थिती नीट पाहावी. माग चालतात त्या आवारातल्या संगणकात धुळीबरोबर कापसाचे तंतू जातात, आणि प्रोसेसरवरचा पंखा काढला की खालच्या अॅल्युमिनियमच्या पात्यांवर त्यांचा नमद्यासारखा घट्ट थर बसलेला दिसतो. वरून ब्लोअर मारल्याने तो हलत नाही, पंखा सोडवून ब्रशने काढावा लागतो. तो काढून नवी थर्मल पेस्ट लावल्याशिवाय इन्स्टॉलेशनला बसू नये, कारण त्या वेळी प्रोसेसर सलग तापतो, आणि पारा चाळिशीच्या वर गेलेल्या सोलापुरी एप्रिल-मेमध्ये संगणक मध्येच बंद पडण्यास एवढे कारण पुरते. बोर्डावरचा सीआर२०३२ हा सेलही बदलावा. सेल उतरलेला असेल तर दर वेळी तारीख मागे जाते, बायोसची सेटिंग उडते आणि चुकीच्या तारखेमुळे बँकेची व जीएसटीची संकेतस्थळे प्रमाणपत्राची त्रुटी दाखवू लागतात. दोष मग नव्या विंडोजच्या माथी येतो. यूपीएस किती वेळ तग धरतो, हे काम सुरू होण्यापूर्वी प्लग काढून अजमावावे.

विंडोजची आयएसओ फाइल (इन्स्टॉलेशनची संपूर्ण प्रत) मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरूनच उतरवावी आणि तेथे दिलेल्या हॅशशी (फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या संकेताशी) ताडून पाहावी. ओळखीच्या दुकानातून मिळालेला तयार पेन ड्राइव्ह घेऊ नये. रूफस या साधनाने किमान ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर ती उतरवताना टीपीएम, सिक्युअर बूट आणि रॅमच्या अटी काढून टाकण्याचा पर्याय विचारला जातो, तसाच मायक्रोसॉफ्ट खात्याची सक्ती काढण्याचाही. बोर्ड युईएफआयचा (नव्या प्रकारच्या बायोसचा) असेल तर जीपीटी आणि जुन्या बायोसचा असेल तर एमबीआर ही विभागणीची पद्धत निवडावी. लॅनचा ड्रायव्हर त्याच पेन ड्राइव्हवर ठेवावा, म्हणजे नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही, हा पेच पडत नाही. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) सुरू असेल तर बायोसमध्ये काही बदलण्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी.

लायसन्ससाठी सेटिंगमध्ये विंडोज १० डिजिटल लायसन्सने अॅक्टिव्हेट झालेले दिसते का, ते पाहावे; हे लायसन्स मदरबोर्डशी बांधलेले असते, त्यामुळे डिस्क बदलूनही चालते, मात्र होमवर होम आणि प्रोवर प्रोच घालावे लागते. विंडोज ७ च्या जुन्या कीवर फुकट पुढे जाण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये बंद केली. क्रॅक केलेले विंडोज असेल तर एवढा सुरक्षेचा खटाटोप करून पुन्हा क्रॅकच घालण्यात अर्थ नाही. तिथे लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहावे, फक्त टॅली त्यावर थेट चालत नाही हे ध्यानात ठेवावे.

दिवस निवडताना दरमहा रिटर्न भरणाऱ्यांनी ११ तारखेचे जीएसटीआर-१ आणि २० तारखेचे ३बी दोन्ही उरकल्यानंतरचा आठवडा घ्यावा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाजार थंड असतो तेव्हा करू, असा विचार अनेकांच्या मनात येतो, पण संक्रांतीचे ते दिवस नेमके या दोन तारखांच्या मध्ये पडतात.

शेवटी खर्चाचा हिशेब मांडताना पुढच्या वर्षांचे कामही धरावे. अटींत न बसणाऱ्या संगणकांना दरमहाचे सुरक्षा अपडेट आजवर येत राहिले आहेत, पण मायक्रोसॉफ्टने त्यांची हमी घेतलेली नाही; होम आणि प्रोच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीची मुदत २४ महिन्यांची असते आणि अशा संगणकावर पुढची आवृत्ती आपोआप येत नाही, ती पुन्हा पेन ड्राइव्ह करून हाताने घालावी लागते. ते कोण करणार आणि किती घेणार, हे मेकॅनिकशी आधी बोलून घ्यावे. एसएसडी, रॅम, त्याची मजुरी आणि दर दोन वर्षांनी होणारे हे काम यांची बेरीज आठव्या पिढीच्या वापरलेल्या संगणकाच्या किमतीजवळ जात असेल, तर तो संगणक घ्यावा आणि जुना डॉसच्या हिशेबाला लावावा.