बेकन-चीज मीटबॉल करताय? मग या चुका टाळा

पार्टीच्या स्टार्टरमध्ये बेकनचे मीटबॉल ठरले की सगळी चर्चा मसाल्यावर होते. मसाल्यापायी हा पदार्थ फसलेला फारसा दिसत नाही. फसतो तो दोनच कारणांनी: आतलं चीज ट्रेवर येतं, नाहीतर वरचं बेकन पांढरट, चिवट राहतं. दोन्हींच्या मुळाशी घाई असते.

आधी प्रमाण, २४ नगांचं. पोर्कचा खिमा ५०० ग्रॅम, एका लादीपावाचा आतला मऊ भाग, तो भिजेल इतकं म्हणजे ३ मोठे चमचे दूध, ५ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा मिरपूड, ४ लसूणपाकळ्या, एक हिरवी मिरची. बेकनच्या १२ लांब पट्ट्या आणि २५ ग्रॅमवाले ३ चीज क्यूब. अंडं नको, पावाने काम भागतं. मीठ कमी वाटेल, पण बेकन स्वतः खारट असतं. वांद्रे, ऑर्लेम किंवा वसईकडच्या पोर्कच्या दुकानात खिमा घेताना ‘थोडी चरबी राहू द्या’ असं सांगा. निव्वळ मांसाचा खिमा भाजल्यावर कोरडा ठणठणीत होतो. परदेशी कृतींमध्ये बीफ लिहिलेलं असतं. त्याऐवजी म्हशीचा खिमा घेणार असाल तर निम्मं पोर्क मिसळाच.

कच्चं बेकन थेट गुंडाळणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि दर ३१ डिसेंबरला ठिकठिकाणी तिचा तोच प्रयोग होतो. पाहुणे आठला येणार म्हणून पावणेआठला थंड ओटीजीमध्ये ट्रे सरकतो. २४ जागी ४८ गोळे, एकमेकांना चिकटून. सुटलेलं पाणी आणि चरबी ट्रेतच साचते, म्हणजे बेकन भाजलं न जाता उकडतं. पंचवीस मिनिटांनी पाहावं तर वरून फिकट. मग यजमान ट्रे उचलून वरच्या रॉडला भिडवतात. चरबीचे शिंतोडे रॉडवर उडतात, धूर हॉलपर्यंत जातो, पंखे लागतात. गोळ्यांचा माथा काळा, बूड पांढरं. कुणीतरी एक कापून बघतं, आत गुलाबी दिसतं, आणि उरलेली ट्रे मायक्रोवेव्हमध्ये जाते. दोन मिनिटांत चीज बाहेर, खिमा रबर.

कारण साधं आहे. २४ ग्रॅमचा गोळा वीसेक मिनिटांत शिजतो. बेकनमधली चरबी वितळून ते कुरकुरीत व्हायला त्याहून जास्त वेळ आणि कोरडी धग लागते. दोघांना एकाच वेळी आत टाकलं तर एकाचा बळी जाणारच. म्हणून बेकनला आधी पुढे न्या. पट्टी अर्धी कापा, पाटावर ठेवून सुरीच्या पाठीने हलकेच ताणून सव्वापट लांब करा. मंद आचेवरच्या तव्यावर दोन्ही बाजूंनी मिनिट-दीड मिनिट ठेवा. चरबी काचेसारखी दिसू लागली आणि पट्टी अजून सहज दुमडतेय, की उतरवा. कडक झाली तर गुंडाळताना तुटेल. कोमट असतानाच गोळ्याभोवती घ्या, जोड खाली येऊ द्या आणि पाण्यात अर्धा तास भिजवलेली टूथपिक आरपार घाला.

ओटीजी २०० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. गोळे जाळीवर, दोन बोटं अंतर सोडून, आणि खालच्या ट्रेमध्ये अर्धा कप पाणी, म्हणजे टपकणारी चरबी जळत नाही. मधल्या खाचेत २० ते २४ मिनिटं. ४८ हवेत? दोन घाणे काढा. यावर दुसरा उपाय नाही.

चीज पळून जाणं

मोझरेला छान ताणलं जातं म्हणून सगळे तेच भरतात. ते वितळलं की वाहतं आणि बारीकशी फट दिसली की तिथून निसटतं. इथे साधा प्रोसेस्ड चीज क्यूबच बरा. त्यातल्या इमल्सिफायर क्षारांमुळे तो मऊ होतो, पण पाण्यासारखा धावत नाही. एका क्यूबचे ८ तुकडे करा. प्रत्येकाचे टोकदार कोपरे बोटांनी दाबून गोल करा, कारण गोळ्याची भिंत नेमकी कोपऱ्यावर पातळ राहते आणि तिथूनच फुटते. मग तुकडे अर्धा तास फ्रीझरमध्ये.

खिमाही गार हवा. मुंबईच्या मे महिन्यात ओट्यावर वीस मिनिटं राहिलेल्या खिम्यातली चरबी मळताना हाताला लागते आणि गोळा धरत नाही. फ्रिजमधून काढा, फक्त मीठ घालून दोन मिनिटं चोळा. मिठाने मांसातली प्रथिनं सुटतात आणि खिमा चिकट होतो. तळहातावर चिकटवून हात उलटा केला तरी पडला नाही, की पाव आणि मसाला घालून हलकेच एकत्र करा, पुढे मळू नका. जास्त मळलात तर सॉसेजसारखा घट्ट होईल. चिमूटभर खिमा तव्यावर भाजून मीठ चाखा. नंतर काही करता येत नाही.

ओल्या तळहातावर चकती, मध्ये चीज, चहूबाजूंनी बंद, आणि एकही रेघ दिसेनाशी होईपर्यंत वळा. बेकन लावण्याआधी अर्धा तास फ्रिजमध्ये.

बाकीच्या चुका, थोडक्यात

कबाबाच्या सवयीने कच्च्या पपईची पेस्ट घालू नका. खिम्याचा लगदा होतो.

कांदा घालायचाच तर परतून, पूर्ण गार करून. कच्चा कांदा पाणी सोडतो.

चिकन बेकनला पुरेशी चरबी नसते. ते कुरकुरीत होत नाही, तेल लावलं तरी जेमतेम. बॅक बेकनही नको, त्यात मांस जास्त आणि ते नीट वेढलं जात नाही.

मध किंवा बार्बेक्यू सॉस शेवटच्या पाच मिनिटांत. सुरुवातीला लावलात तर साखर करपते.

एअर फ्रायरमध्ये १८० अंश, १४ मिनिटांच्या आसपास, एकच थर.

गुलाबी दिसलं म्हणून घाबरणं

बेकनमधल्या नायट्राइटमुळे त्याला लागून असलेलं मांस पूर्ण शिजल्यावरही गुलाबी राहू शकतं. रंगावर जाऊ नका, थर्मामीटर घ्या. पोर्कच्या खिम्याला ७१ अंश. टोक गोळ्याच्या मधोमध खुपसलंत तर चीजचं तापमान वाचाल. बाजूने, भिंतीत तिरकं घाला. काढल्यावर पाच मिनिटं थांबा, आतलं चीज जीभ भाजतं.

आदल्या रात्री तयारी करायची तर खिमा आणि चीजचे गोळे कच्चेच झाकून फ्रिजमध्ये ठेवा, बेकन दुसऱ्या दिवशी. अर्धे भाजून ठेवायचा शॉर्टकट मारू नका. कोमट, अर्धकच्च्या खिम्यात जंतू आरामात वाढतात. टेबलावरही उकाड्यात तासाभरापेक्षा जास्त वेळ नको. थोडे थोडे गरम करून आणा.

पोर्क न खाणारे पाहुणे असतातच. त्यांचे चिकनचे गोळे आधीच्या घाण्यात, वेगळ्या जाळीवर, वेगळ्या चिमट्याने भाजा. त्याच ट्रेच्या कोपऱ्यात ठेवलेत तर त्यांच्यावर पोर्कची चरबी उडणारच. प्लेटसमोर चिठ्ठी ठेवा, विचारायचा संकोच करणारे बरेच असतात.

ट्रेमधलं चरबीचं पाणी सिंकमध्ये ओतू नका, पाइपमध्ये थर साचतो. भांड्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा. वर गोठलेली चरबी उचलून दुसऱ्या दिवशी बटाटे परता.