इलेक्ट्रिक मोटार घेण्याआधी : पार्किंगपासून सुरू होणारा हिशेब

इलेक्ट्रिक मोटार घ्यावी की नाही, हा प्रश्न बहुतेक लोक शोरूममध्ये बसून सोडवू पाहतात. माझ्या मते तो आधी स्वतःच्या पार्किंगमध्ये उभे राहून सोडवायला हवा. पेट्रोलची गाडी पंपावर पाच मिनिटांत भरते, त्यामुळे ती रात्री कोठे उभी असते याने फारसा फरक पडत नाही. विजेची गाडी जिथे रात्र काढते तिथे भरवशाचा सॉकेट असेल, तर तिचे बहुतेक फायदे आपोआप पदरात पडतात आणि नसेल, तर तीच गाडी दर चार-पाच दिवसांनी एक काम मागे लावते.

स्वतंत्र बंगला किंवा रो-हाऊस असणाऱ्यांना हा परिच्छेद सोडून पुढे जाता येईल. सोसायटीत राहणाऱ्यांनी मात्र गाडीची नोंदणी (बुकिंग) करण्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. आपल्या नावावरची जागा कायम आहे की चिठ्ठ्या टाकून दरवर्षी बदलते, मीटरच्या खोलीपासून त्या जागेपर्यंत केबल किती मीटर आणि कोणाच्या भिंतीवरून न्यावी लागेल, आणि पार्किंग यांत्रिक, म्हणजे एकावर एक गाड्या चढवण्याचे, तर नाही ना. यांत्रिक पार्किंगमध्ये हलत्या तळावर केबल नेणे अवघड आणि धोक्याचे असते, त्यामुळे पुण्या-मुंबईतल्या अनेक नव्या इमारतींत खरी अडचण तिथेच येते. व्यवस्थापक समितीकडे अर्ज करताना वीज सोसायटीच्या सामाईक मीटरवरून न घेता स्वतःच्या मीटरवरून घेणार असल्याचे आणि केबलचा मार्ग नकाशावर दाखवल्याचे लेखी लिहावे. निम्मी भांडणे ‘बिल कोण भरणार’ यावरूनच होतात. गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्क २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत झालेल्या दुरुस्तीने ग्राहकाला मिळाला आहे, तेव्हा वीज कंपनीकडे त्याच शब्दांत अर्ज करावा.

आता खुद्द सॉकेटविषयी, कारण विक्रेता ही बाब ‘साधा पंधरा अँपिअरचा पॉइंट चालतो’ एवढ्यावर संपवतो. चालतो हे खरे आहे. असा पॉइंट सुमारे सव्वातीन किलोवॉट देतो आणि तीस युनिटांची बॅटरी वीस टक्क्यांवरून पूर्ण भरायला आठ-नऊ तास घेतो, म्हणजे रात्रीची झोप पुरते. पण गीझर दहा मिनिटे चालतो आणि गाडी रात्रभर सलग तितकाच भार ओढते, हा फरक जुन्या वायरिंगला सोसत नाही. म्हणून मीटरपासून थेट, मध्ये जोड नसलेली, किमान चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळू लागली की ती तोडणारा स्विच), आणि चांगले अर्थिंग, एवढे वायरमनकडून करून घ्यावे. अर्थिंगचे महत्त्व मला साताऱ्याजवळच्या एका जुन्या घरी कळले. तिथे गाडीची वायर लावली, तर चार्जरवर लाल दिवा लागला आणि गाडी वीज घेईना. तोच पॉइंट मिक्सर आणि इस्त्री मात्र बिनतक्रार चालवत होता. वायरमनने सॉकेट उघडून दाखवले, तेव्हा तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नव्हती. घर बांधल्यापासून ते कोणाच्या लक्षात आले नव्हते, ते गाडीने पहिल्या दहा सेकंदांत ओळखले. गावी जाऊन चार्ज करण्याचा बेत असेल, तर तिथले अर्थिंग आधी तपासून घ्यावे, एवढे यावरून सुचवतो. भिंतीवरचा सात किलोवॉटचा चार्जर हवा असल्यास वीज कंपनीने घराला मंजूर केलेला भार बहुधा वाढवून घ्यावा लागतो; ज्यांचे रोजचे धावणे पन्नास-साठ किलोमीटर आहे त्यांना त्याची गरज क्वचितच पडते.

पैशांचा हिशेब प्रत्येकाने स्वतःच्या आकड्यांवर मांडावा; नमुन्यादाखल एक येथे देतो. महिन्याला १,००० किलोमीटर धावणारी पेट्रोल गाडी लिटरला १५ किलोमीटर देत असेल आणि लिटरचे १०४ रुपये धरले, तर इंधनाचे सुमारे ७,००० रुपये होतात. तेवढ्याच आकाराची विजेची गाडी युनिटला साधारण ७ किलोमीटर जाते, म्हणजे १४३ युनिटे, आणि चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरून १६० युनिटे लागतात. सगळे आकार मिळून युनिटला १२ रुपये धरल्यास घरचा खर्च १,९०० रुपयांच्या आसपास येतो आणि महिन्याला ५,००० रुपये वाचतात. गाडी ३ लाखांनी महाग असेल, तर ते ६० महिन्यांत वसूल होतात. हीच गाडी केवळ सार्वजनिक जलद चार्जरवर, युनिटला २२ रुपये देऊन चालवली, तर बचत ३,५०० च्या आसपास येते आणि वसुलीला सात वर्षांहून थोडा अधिक काळ लागतो. महिन्याला ४०० किलोमीटरच फिरणाऱ्याला तर घरच्या विजेवरही बारा वर्षांहून अधिक काळ लागेल. अशा माणसाने पैसे वाचवण्यासाठी म्हणून ही गाडी घेऊ नये.

या हिशेबात एक खोच आहे. घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या बिलात शंभर, तीनशे आणि पाचशे युनिटांवर दर बदलतो. घराचा वापर दोनशे युनिटे असेल, तर गाडीची शेवटची साठ युनिटे महागड्या टप्प्यात जातात; वापर तीनशेच्या पुढेच असेल, तर गाडीचे प्रत्येक युनिट चढ्या दराचे असते. म्हणून सरासरी दर न धरता, गेल्या बारा महिन्यांची बिले काढून त्यात १६० युनिटे मिळवावीत आणि वरच्या टप्प्याचा दर लावावा. छत स्वतःचे असेल, तर ‘पीएम सूर्यघर’ योजनेत तीन किलोवॉटच्या सौर संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि त्यानंतर हा सगळा हिशेबच पालटतो.

खरेदीच्या किमतीबाबत जुने लेख वाचून निर्णय घेऊ नये. विजेच्या गाड्यांवर जीएसटी पाच टक्के आहे आणि तो आधीही तेवढाच होता. परंतु २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यामुळे दोहोंतली तफावत पुन्हा मोजावी लागते. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखांची आयकर वजावटही ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांपुरतीच होती. राज्याच्या २०२५ च्या विद्युत वाहन धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती महामार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर पथकरमाफी आहे. फास्टॅगमधून रक्कम कापली गेली नाही ना, हे पहिल्या फेरीनंतर अवश्य पाहावे.

पल्ल्याचा आकडा हा दुसरा फसवा आकडा. जाहिरातीतला पल्ला प्रमाणित चाचणीतला असतो. रस्त्यावर त्याच्या दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश धरावा, आणि समृद्धीवर ताशी १२० ने जायचे असेल तर त्याहूनही कमी, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याहून वेगाने वाढतो. शहरातल्या थांबत-चालत वाहतुकीत मात्र ही गाडी काटकसरीत पेट्रोलच्या गाडीला सहज मागे टाकते. घाटाचे गणितही समजून घ्यावे. खोपोलीहून लोणावळ्याला सुमारे साडेपाचशे मीटर चढताना माणसांसह १,८०० किलोची गाडी केवळ चढण्यासाठी तीनेक युनिटे जास्त खाते. उतरताना मोटार जनित्रासारखी काम करते आणि त्यातला बराच भाग परत मिळतो. पण लोणावळ्यात बॅटरी शंभर टक्के भरून लगेच घाट उतरायला घेतला, तर परत येणारी वीज साठवायला जागाच नसते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. तिथे ऐंशी टक्क्यांवर थांबणे शहाणपणाचे.

लांबच्या प्रवासात दर अडीच तासांनी अर्धा-पाऊण तास थांबावे लागेल, हे कुटुंबाने आधीच मान्य केलेले बरे. पुणे-कोल्हापूर एरवी सुखाचे होते. गणपतीत कोकणात जाताना मात्र चार्जरपुढे रांग असते, आणि त्या ठिकाणी एकच मशीन असून ते बंद असेल तर पुढचे ठिकाण गाठण्याइतकी वीज शिल्लक हवी. मी पंचवीस टक्क्यांखाली जाऊ देत नाही.

बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी सर्रास मिळते, पण क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर ती लागू होते आणि दुसऱ्या मालकाला ती तशीच मिळते का, हे हमीपत्रात वाचावे. पुनर्विक्रीची किंमत यावरच ठरते, आणि ती आज पेट्रोलच्या गाडीपेक्षा कमीच मिळते. विदर्भ-मराठवाड्यात राहणाऱ्यांनी बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय आहे का, हे विचारावे. बॅटरीचे ‘आयपी ६७’ मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरण्याची चाचणी. तुंबलेल्या रस्त्यात गाडी घालण्याचा तो परवाना नव्हे. विम्यात बॅटरीचे स्वतंत्र संरक्षण घ्यावे. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट असते, ती पॉलिसीवर दिसते ना, तेही पाहावे.

पर्यावरणाविषयी थोडक्यात सांगायचे, तर गाडीतून धूर निघत नाही, पण चंद्रपूर आणि कोराडीला कोळसा जळतो. तरीही गर्दीच्या रस्त्यावरची हवा आणि आवाज यांत फरक पडतो, आणि ग्रीडमध्ये सौरऊर्जा वाढत जाईल तशी तीच गाडी अधिक स्वच्छ होत जाते. जुन्या पेट्रोल गाडीच्या बाबतीत असे होत नाही.

एवढे करून गाडी पसंत पडली, तर शोरूमभोवतीच्या फेरीवर समाधान मानू नये. गाडी निदान अर्ध्या दिवसासाठी मागावी, घरच्या सगळ्यांना बसवून, एसी लावून, आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवावी आणि निघताना व परतताना बॅटरीची टक्केवारी व किलोमीटर वहीत लिहावेत. मग घरी येऊन तिची वायर आपल्याच पॉइंटला लावून पाहावी आणि कोणता दिवा लागतो ते बघून मगच नोंदणीचे पैसे भरावेत.