पिकअपसाठी जादा डिझेल टाकी निवडताना

म्हापसा-बेळगाव फेऱ्या मारणाऱ्या पिकअपवाल्यांना जादा टाकीचा विचार कधी ना कधी येतोच. पण गॅरेजवाल्याला बयाणा देण्याआधी कागद बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येत नाही. आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारा, उत्तर लेखी घ्या. तुमच्या मॉडेलला कंपनीचीच मोठी टाकी मिळत असेल, तर दुसरीकडे बघूच नका.

मग वजन. डिझेल लिटरला साधारण ८३० ग्रॅम भरते. १०० लिटर म्हणजे ८३ किलो, शिवाय टाकीचे वजन वेगळे. तेवढा माल कमी भरावा लागणार.

आता टाकी कशाची, हा खरा प्रश्न. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पत्र्याची टाकी स्वस्त पडते, लवकर गंजत नाही, म्हणून माणूस फसतो. डिझेलमधल्या आम्लांशी जस्ताची प्रक्रिया होऊन साबणासारखा चिकट साका तयार होतो आणि फिल्टर, इंजेक्टर तुंबतात. आपल्या खाऱ्या हवेत डिझेलसाठीच बनवलेली अॅल्युमिनियमची किंवा जाड एचडीपीई प्लास्टिकची टाकी बरी. अॅल्युमिनियम घेतलीत तर टाकी आवळायच्या लोखंडी पट्ट्याखाली पाणी न शोषणारे रबर हवेच. दोन धातू टेकतात तिथे खारट ओल साचली की अॅल्युमिनियम खाल्ले जाते, आणि पट्टा काढल्याशिवाय ते दिसत नाही. जुन्या पिंपाला वेल्डिंग करून टाकी बनवून घेऊ नका. आत राहिलेल्या वाफेने पिंप फुटून वेल्डरचा जीव जाऊ शकतो.

टाकीत डोकावून बघा, आडव्या पट्ट्या (बॅफल) असायलाच हव्यात. नसतील तर चोर्ला घाटाच्या वळणांवर अर्धी भरलेली टाकी गाडीला हिसके देते. हवा जाण्याच्या नळीला गाडी उलटली तर बंद होणारा व्हॉल्व्ह हवा, आणि तळाला पाणी काढायचा बोल्ट.

काही जण वर बसवलेल्या जादा टाकीतून डिझेल आपोआप खालच्या मूळ टाकीत उतरेल अशी जोडणी करतात. मला ती पटत नाही. व्हॉल्व्ह उघडा अडकला की मूळ टाकी ओसंडते आणि डिझेल रस्त्यावर किंवा तापलेल्या सायलेन्सरवर सांडते. स्विचवर चालणारा पंप लावा, त्याचा फ्यूज बॅटरीजवळ ठेवा. नळी डिझेलचीच घ्या, पाण्याची पारदर्शक नळी नको. टाकी नुसत्या हौद्याच्या पत्र्याला न आवळता चासीला बोल्टने बांधा, सायलेन्सरपासून लांब.

भरताना ९५ टक्क्यांवर थांबा, उन्हात डिझेल फुगते. पहिल्या घाटफेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळा, प्रत्येक जोडावरून कोरडे फडके फिरवून ओल येते का बघा. पावसाळ्यात दर काही दिवसांनी तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढा. खाली पाण्याचा थर दिसला, तर स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहा आणि तोवर पंप चालू करू नका.